चुना, सफेता आणि टायटॅनियम : घराच्या अंतर्भागातील पांढऱ्या रंगाचा सामाजिक इतिहास

सारांश :
घराच्या आतील भिंतींना दिला जाणारा पांढरा रंग हा सामान्यतः 'रंग नसणे' असा समजला जातो. प्रस्तुत शोधनिबंधात या समजाची ऐतिहासिक चिकित्सा केली आहे. चुना, सफेता आणि टायटॅनियम डायऑक्साइड या तीन द्रव्यांनी घराची भिंत वेगवेगळ्या काळी पांढरी केली. प्रत्येक द्रव्यामागे वेगळे श्रम, वेगळे धोके आणि स्वच्छतेची वेगळी कल्पना होती. इंग्लंडमधील कारखाने कायदे, मुंबई-पुण्यातील प्लेगची साथ, शिशाच्या विषबाधेविरुद्धची चळवळ आणि आधुनिक वास्तुकलेतील पांढऱ्या भिंतीचा पुरस्कार यांच्या आधारे हा इतिहास येथे मांडला आहे.

बीजसंज्ञा : चुना, सफेदी, सफेता, टायटॅनियम डायऑक्साइड, प्लेग, सार्वजनिक आरोग्य, गृहसजावट.

प्रस्तावना :
इतिहासलेखनात राजवाडे, किल्ले, मंदिरे यांच्या स्थापत्याला जे स्थान मिळाले ते सामान्य माणसाच्या घराच्या भिंतीला मिळाले नाही. त्यातही भिंतीचा रंग हा विषय गृहसजावटीच्या कक्षेत ढकलला गेल्याने इतिहासाच्या अभ्यासकांनी त्याकडे फारसे लक्ष दिले नाही. वास्तविक मनुष्य आपल्या आयुष्याचा मोठा भाग ज्या चार भिंतींच्या आत घालवतो, त्यांचा रंग कोणी ठरवला, कशापासून बनवला आणि तो देताना कोणाचे हात भाजले, हे प्रश्न सामाजिक इतिहासाचेच आहेत.

आज शहरातील सदनिकांपासून ग्रामीण भागातील नव्या सिमेंटच्या घरांपर्यंत आतील भिंतीसाठी झगझगीत पांढरा किंवा त्याच्या जवळचा रंग निवडण्याकडे मोठा कल दिसतो. प्रकाश वाढतो, खोली मोठी भासते, स्वच्छ वाटते, अशी कारणे त्यासाठी दिली जातात. ही कारणे खोटी नाहीत. ताजा पांढरा रंग त्यावर पडणाऱ्या प्रकाशाचा सुमारे ८० टक्के किंवा त्याहून अधिक भाग परावर्तित करतो. परंतु ही निवड वाटते तितकी नैसर्गिक व कालातीत नाही. आज दुकानात डब्यात मिळणारा शुभ्र रंग आणि शंभर वर्षांपूर्वी भिंतीवर चढणारा चुना यांच्यात नाव सोडले तर फारच थोडे साम्य आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :
१. घराच्या अंतर्भागात वापरल्या गेलेल्या पांढऱ्या रंगद्रव्यांच्या बदलाचा मागोवा घेणे.
२. पांढरा रंग आणि स्वच्छता यांचे नाते कोणत्या ऐतिहासिक परिस्थितीत दृढ झाले हे तपासणे.
३. या रंगाच्या निर्मितीत व वापरात श्रमिक, स्त्रिया व बालके यांच्यावर झालेल्या परिणामांची नोंद घेणे.

अभ्यासपद्धती :
प्रस्तुत निबंधासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून मांडणी दुय्यम साधनांवर आधारित आहे. विषयाची व्याप्ती मोठी असल्याने युरोपातील घडामोडी मुख्यतः द्रव्यांचा इतिहास समजण्यापुरत्या घेतल्या आहेत आणि महाराष्ट्रातील संदर्भ जेथे प्रत्यक्ष संबंध आहे तेथेच दिले आहेत.

विषय विवेचन :

१) चुन्याचा पांढरा : दरवर्षी नवा होणारा रंग
मराठी ग्रामव्यवस्थेत गावाच्या वस्तीच्या जागेला 'पांढरी' आणि शेतजमिनीला 'काळी' म्हणण्याची जुनी पद्धत आहे. वस्तीचा आणि पांढऱ्या मातीचा संबंध भाषेतच असा रुजलेला आहे. मात्र यावरून जुनी घरे आतून पांढरी होती असा निष्कर्ष काढता येत नाही. बहुसंख्य घरांच्या भिंती मातीच्या असत आणि त्या शेणामातीने सारवल्या जात. सारवणाचा रंग हाच घराचा रंग असे. वारली समाजाच्या घरात तर पांढऱ्याचे स्थान नेमके उलटे होते. शेण किंवा गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रेषांनी लग्नाचा चौक काढला जाई. म्हणजे तेथे पांढरा हा भिंतीचा रंग नसून मंगल चिन्हाचा रंग होता. दुसऱ्या टोकाला, पेशवाईच्या काळातील श्रीमंतांच्या वाड्यांत भिंती चित्रांनी सजवल्या जात. वाईजवळील मेणवलीच्या नाना फडणवीसांच्या वाड्यातील भित्तिचित्रे याची साक्ष देतात. संपन्नतेचे लक्षण रंग हे होते, रंगाचा अभाव हे नव्हे.

या दोन टोकांच्या मध्ये चुन्याचे घर उभे होते. चुनखडी भट्टीत सुमारे ९०० अंश सेल्सिअस तापमानाला भाजली असता कळीचा चुना मिळतो. त्यात पाणी घालताच तो उकळू लागतो व विरतो. हा विरलेला चुना पाण्यात पातळ करून भिंतीवर दिला की हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून तो पुन्हा चुनखडीच बनतो. दगडापासून निघालेला पदार्थ भिंतीवर पुन्हा दगड होतो, असे या क्रियेचे स्वरूप आहे. कोकण व गोव्याच्या किनाऱ्यावर दगडाऐवजी शिंपले भाजूनही चुना केला जाई. महाराष्ट्रात चुना व कोळसा तयार करण्याचा व्यवसाय परंपरेने लोणारी समाजाकडे होता. वाड्यांच्या बांधकामासाठी लागणारा चुना बैलाच्या घाणीत मळला जाई.

चुन्याच्या पांढऱ्याची दोन वैशिष्ट्ये या अभ्यासाच्या दृष्टीने महत्त्वाची आहेत. पहिले म्हणजे तो ओला असताना जवळजवळ पारदर्शक दिसतो आणि वाळताना उजळतो. त्यामुळे एका हाताने भिंत झाकली जात नाही, दोन-तीन हात द्यावे लागतात. दुसरे म्हणजे तो टिकत नाही. हाताला व कपड्याला लागतो, ओलीने पापुद्रे धरतो, धुराने पिवळा पडतो. पोत धरून राहावा म्हणून त्यात डिंक किंवा सरस घालण्याची आणि पिवळसर झाक जावी म्हणून नीळ मिसळण्याची रीत पडली. एकोणिसाव्या शतकात कृत्रिम अल्ट्रामरीन नीळ तयार होऊ लागल्यावर तिचा उपयोग कपड्यांप्रमाणे भिंतींसाठीही सोपा झाला.

टिकत नसल्यामुळेच चुन्याची सफेदी हा वार्षिक विधी बनला. पावसाळा संपला, भिंतींची ओल सुकली की दसरा-दिवाळीपूर्वी घर झाडून चुना लावण्याची प्रथा याच भौतिक कारणातून दृढ झाली. म्हणजे पांढरेपणा हा भिंतीचा कायमचा गुण नव्हता. तो दरवर्षी श्रमाने परत मिळवावा लागे. चुना तीव्र अल्कधर्मी असल्याने तो देणाऱ्याचे हात सोलवटत आणि डोळ्यांत उडाल्यास गंभीर इजा होई. या श्रमाची नोंद घराच्या शोभेत कोठेही उरत नसे.

२) कायदा, साथ आणि सक्तीची सफेदी
चुन्याच्या तीव्र अल्कधर्मी गुणामुळे तो ताजा असताना जंतुनाशक ठरतो. जंतूंची कल्पना रूढ होण्यापूर्वीही दुर्गंधी व रोगट हवा यांवर उपाय म्हणून चुन्याकडे पाहिले जाई. या समजुतीला कायद्याचे रूप प्रथम कारखान्यात मिळाले, ही बाब उल्लेखनीय आहे. इंग्लंडमध्ये १८०२ साली उमेदवार कामगारांचे आरोग्य व नीती यांसंबंधी जो कायदा झाला, त्यात गिरण्यांच्या खोल्या वर्षातून दोनदा कळीचा चुना व पाणी यांनी धुवाव्यात अशी तरतूद होती. पुढे १८३१-३२ च्या कॉलऱ्याच्या साथीत तेथील गरीब वस्त्यांतील घरांना चुना देण्याची मोहीम राबवली गेली. अशा रीतीने कारखान्याच्या भिंतीसाठी केलेला नियम गरिबाच्या घराच्या भिंतीपर्यंत पोहोचला. श्रीमंतांच्या घरात मात्र त्याच काळात गडद रंगाचे भिंतीकागद व पडदे प्रचारात होते.

भारतात स्वातंत्र्योत्तर काळात झालेल्या १९४८ च्या कारखाने अधिनियमातही हीच परंपरा दिसते. भिंतींना किमान दर १४ महिन्यांनी चुन्याची सफेदी किंवा रंगसफेदी द्यावी आणि तेलरंग दिलेला असल्यास तो पाच वर्षांतून एकदा पुन्हा द्यावा, अशी तरतूद त्यात करण्यात आली होती. पांढऱ्या रंगाचे आयुष्य कायद्याने महिन्यांत मोजले, असे याचे वर्णन करता येईल.

सक्तीच्या सफेदीचा सर्वांत तीव्र अनुभव महाराष्ट्राला प्लेगच्या साथीत आला. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. ऑक्टोबरपासून महानगरपालिकेने घरात शिरून तपासणी करण्याचे, रुग्णांना वेगळे करण्याचे व घरे निर्जंतुक करण्याचे अधिकार वापरण्यास सुरुवात केली. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा अमलात आला. घरे धुणे, जंतुनाशक द्रव्ये फवारणे, सामान जाळणे आणि भिंतींना चुना देणे ही या मोहिमेची ठरलेली अंगे होती. पुण्यात वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १३ मार्च ते १९ मे १८९७ या काळात सैनिकांच्या साहाय्याने घरोघर झडत्या घेतल्या. या झडत्यांपाठोपाठ घरे निर्जंतुक करणाऱ्या व चुना देणाऱ्या तुकड्या येत.

या प्रसंगी चुना हाच पदार्थ होता आणि भिंतही तीच होती, परंतु अर्थ पूर्णपणे बदलला होता. दिवाळीपूर्वी घरातील माणसांनी दिलेला चुना हा सणाचा भाग होता. स्वयंपाकघर व देवघर यांचा विधिनिषेध न पाळता परक्या माणसांनी दिलेला चुना हा घरातील रोगाचा, मृत्यूचा व अपमानाचा पुरावा ठरला. नव्याने पांढरी झालेली भिंत शेजाऱ्यापाजाऱ्यांना येथे काय घडले ते सांगत असे. या मोहिमेबद्दलच्या संतापाची परिणती २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी रँड यांच्यावर केलेल्या हल्ल्यात झाली, हे सर्वज्ञात आहे. त्या संतापाची मुख्य कारणे झडती, विलगीकरण व स्त्रियांच्या मानमर्यादेचा भंग ही होती. घराच्या अंतर्भागावरील ताबा गमावल्याची भावना त्या सर्वांच्या मुळाशी होती आणि चुन्याची भिंत हे तिचे दृश्य चिन्ह होते.

यातील शोकांतिका अशी की चुन्याचा हा मारा बऱ्याच अंशी चुकीच्या जागी होता. प्लेगच्या जंतूचा शोध १८९४ मध्ये हाँगकाँग येथे लागला असला तरी तो माणसापर्यंत कसा पोहोचतो हे स्पष्ट नव्हते. पॉल-लुई सिमोन यांनी १८९८ मध्ये उंदरावरील पिसवांची भूमिका मांडली. ती तत्काळ स्वीकारली गेली नाही. भारतातील प्लेग संशोधन आयोगाने १९०५ नंतरच्या प्रयोगांतून तिला दुजोरा दिला. रोग भिंतीच्या पृष्ठभागावर नव्हता. तो छपरातील व जमिनीखालील उंदरांबरोबर फिरत होता. भिंत पांढरी झाली म्हणजे घर निरोगी झाले, हे समीकरण पुण्या-मुंबईच्या अनुभवाने खोटे ठरवले. तरीही ते समीकरण पुसले गेले नाही, उलट पुढील शतकात अधिक पक्के झाले.

३) सफेता : शुभ्रतेचे विष
चुना पाण्यात कालवून देता येतो, पण लाकडी दारे, खिडक्या, कठडे व श्रीमंतांच्या घरातील गुळगुळीत भिंती यांसाठी तेलात मिसळणारे पांढरे द्रव्य लागे. शतकानुशतके ही गरज सफेत्याने, म्हणजे शिशाच्या कार्बोनेटने भागवली. थिओफ्रास्टस व प्लिनी या प्राचीन ग्रंथकारांनी शिसे व शिर्का यांपासून तो बनवण्याची कृती नोंदवली आहे. पुढे हॉलंडमध्ये प्रचलित झालेल्या पद्धतीत शिशाच्या गुंडाळ्या शिर्क्याच्या भांड्यांवर ठेवून त्यांच्याभोवती घोड्याच्या लिदीचे थर रचत. लिदीची ऊब व तीतून निघणारा वायू यांमुळे काही महिन्यांत शिशावर पांढरी पुटे चढत. ही पुटे खरवडून, दळून व वाळवून सफेता तयार होई.

या कामात उडणारी धूळ विषारी असे. इंग्लंडमधील सफेत्याच्या कारखान्यांत धोक्याची कामे मोठ्या प्रमाणावर गरीब स्त्रियांकडे असत. पोटशूळ, हातापायांतील शक्ती जाणे, झटके व गर्भपात हे त्यांच्या वाट्याला येई. चार्ल्स डिकन्स यांनी १८६८-६९ मध्ये लंडनच्या पूर्व भागातील गरीब वस्तीविषयी लिहिताना या स्त्रियांच्या अवस्थेकडे लक्ष वेधले होते. अखेर १८९८ मध्ये तेथे सफेत्याच्या निर्मितीतील धोकादायक कामांवर स्त्रियांना ठेवण्यास मनाई झाली. हे तेच दशक होते ज्यात मुंबई-पुण्यात आरोग्याच्या नावाने भिंती पांढऱ्या केल्या जात होत्या. एकीकडे पांढरा रंग आरोग्याचे चिन्ह मानला जात असताना दुसरीकडे एका पांढऱ्या द्रव्याने माणसे मरत होती, हा विरोधाभास लक्षात घेण्यासारखा आहे.

पर्याय उपलब्ध नव्हता असे नाही. पॅरिसमधील रंगकाम कंत्राटदार एदम-झाँ लक्लेर यांनी आपल्या कामगारांच्या विषबाधेने अस्वस्थ होऊन १८४० च्या दशकात जस्ताच्या पांढऱ्या रंगाचा वापर व निर्मिती सुरू केली. कामगारांना नफ्यात वाटा देणारा मालक म्हणूनही त्यांचे नाव इतिहासात आहे. जस्ताचा पांढरा विषारी नव्हता आणि कोळशाच्या व गॅसच्या धुराने सफेत्याप्रमाणे काळवंडत नसे. परंतु त्याची झाकण्याची शक्ती कमी होती, थर ठिसूळ होई आणि रंगाऱ्यांना सफेत्याचा दाट हात सवयीचा झाला होता. त्यामुळे माहीत असलेले विष पुढे अर्धे शतक वापरात राहिले.

फ्रान्सने १९०९ मध्ये रंगकामातील सफेत्यावर बंदी घालणारा कायदा केला व तो १९१५ पासून लागू व्हायचा होता. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९२१ मध्ये याविषयी स्वतंत्र करार संमत केला. इमारतींच्या अंतर्गत रंगकामात सफेत्याचा वापर काही अपवाद वगळता निषिद्ध करावा, तसेच औद्योगिक रंगकामात स्त्रियांना व १८ वर्षांखालील मुलांना सफेत्याचे काम देऊ नये, असे त्यात म्हटले होते. घराच्या आतील भिंतीचा रंग हा आंतरराष्ट्रीय कराराचा विषय झाला, हे या इतिहासातील महत्त्वाचे वळण होय.

कामगारांनंतर दुसरा बळी बालकांचा होता. ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथे डॉ. जॉन लॉकहार्ट गिब्सन यांनी १९०४ मध्ये असे प्रतिपादन केले की मुलांतील शिशाच्या विषबाधेचे मूळ घराचे रंगवलेले कठडे व खोल्यांच्या भिंती यांत आहे. उन्हाने भुकटी झालेला रंग मुलांच्या बोटांना लागत असे व बोटे तोंडात जात. क्वीन्सलंड प्रांताने १९२२ मध्ये मुलांच्या हाताला येणाऱ्या भागांवर अशा रंगाला कायद्याने बंदी घातली. अमेरिकेत मात्र घरगुती रंगातील शिशावर १९७८ पर्यंत देशव्यापी बंदी आली नाही. भारतात घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित करणारे नियम २०१६ मध्ये अधिसूचित झाले व नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. तोपर्यंत शिसे पांढऱ्या रंगातून बहुतांशी गेले होते. ते मुख्यतः पिवळ्या-नारिंगी रंगद्रव्यांत आणि रंग लवकर वाळावा म्हणून घातल्या जाणाऱ्या घटकांत उरले होते. पांढऱ्या रंगातून शिसे जाण्याचे मोठे कारण कायद्याइतकेच एका नव्या द्रव्यात होते.

४) टायटॅनियम : काळ्या वाळूतून आलेला पांढरा
टायटॅनियम हे मूलद्रव्य १७९१ मध्येच इंग्लंडमधील कॉर्नवॉलच्या वाळूत ओळखले गेले होते. त्याच्या डायऑक्साइडचे रंगद्रव्य म्हणून व्यापारी उत्पादन मात्र १९१६ ते १९१९ च्या सुमारास नॉर्वे व अमेरिकेत सुरू झाले. १९४० च्या आसपास त्याचा रुटाइल हा अधिक प्रभावी प्रकार बाजारात आला.

याचे सामर्थ्य कशात आहे हे थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. रंग पांढरा व झाकणारा दिसतो तो त्यातील कणांनी प्रकाश किती विखुरला यावर. कण आणि त्याभोवतीचे तेल किंवा अन्य माध्यम यांच्या अपवर्तनांकांत जितका फरक तितके विखुरणे अधिक. जवसाच्या तेलाचा अपवर्तनांक सुमारे १.४८ आहे, चुनखडीचा सुमारे १.६, सफेता व जस्ताचा पांढरा यांचा सुमारे २ आणि रुटाइलचा सुमारे २.७. चुनखडी तेलात जवळजवळ दिसेनाशी होते, पण रुटाइलचा पातळ थरही खालची भिंत झाकून टाकतो. आज 'झगझगीत पांढरा' म्हणून ज्याची ओळख आहे तो या फरकातून निर्माण झालेला रंग आहे. त्यात अल्पशी निळसर छटा मिसळून पिवळेपणा लपवला जातो, म्हणजे चुन्यातील निळीचे जुने तंत्र कारखान्यातही टिकून आहे.

या पांढऱ्याचा भारताशी थेट संबंध आहे. टायटॅनियमचे प्रमुख खनिज इल्मेनाइट हे काळ्या वाळूच्या रूपात समुद्रकिनाऱ्यावर सापडते. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या काळात त्रावणकोर संस्थान हे इल्मेनाइटचा जगातील एक प्रमुख पुरवठादार होते. पाश्चात्त्य घरांच्या शुभ्र भिंतींमागे केरळच्या किनाऱ्यावरील काळी वाळू होती. तिरुवनंतपुरम येथे १९४६ मध्ये स्थापन झालेल्या ट्रावणकोर टायटॅनियम प्रॉडक्ट्स या उद्योगामुळे हे द्रव्य देशातच बनवण्याचा पाया घातला गेला. महाराष्ट्रात रत्नागिरीच्या किनाऱ्यावरही इल्मेनाइटयुक्त वाळूचे साठे आहेत.

टायटॅनियम भिंतीवर असताना सफेत्यासारखे विषारी नाही, ही त्याची मोठी देणगी होय. तथापि त्याची किंमत पूर्णपणे नाहीशी झालेली नाही. गंधकाम्लाच्या पद्धतीने ते बनवताना मोठ्या प्रमाणावर आम्लयुक्त सांडपाणी निघते. त्याच्या बारीक धुळीच्या श्वसनाबाबत आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००६ च्या मूल्यमापनात सावधगिरीचे वर्गीकरण केले आहे. हा प्रश्न वाळलेल्या भिंतीचा नसून उत्पादनातील कामगाराचा आणि जुना रंग घासणाऱ्या रंगाऱ्याचा आहे. पांढऱ्याची किंमत घरात राहणाऱ्यापासून दूर सरकली, ती संपली नाही.

५) आधुनिक रुची आणि पांढरी भिंत
विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पांढऱ्या भिंतीला सौंदर्यशास्त्राचे पाठबळ मिळाले. वास्तुकार ल कॉर्ब्युझिए यांनी १९२५ मधील आपल्या सजावटकलेवरील ग्रंथात रिपोलिन या तेलरंगाच्या नावाने एक 'कायदा'च मांडला. प्रत्येकाने भिंतीवरील कागद व पडदे काढून पांढऱ्या रंगाचा साधा हात द्यावा, म्हणजे घराबरोबर मनही स्वच्छ होईल, असा त्याचा आशय होता. १९२७ मध्ये लंडनमध्ये सिरी मॉम यांनी आपल्या घरातील दिवाणखाना पांढऱ्या रंगाच्या विविध छटांत सजवला व तो उच्चभ्रू वर्गात चर्चेचा विषय झाला. अवघ्या शतकभरात पांढरी भिंत गरिबाला सक्तीने दिलेल्या औषधाकडून श्रीमंताने निवडलेल्या अभिरुचीकडे आली.

येथे एक दुरुस्ती आवश्यक आहे. पांढऱ्याचा एवढा पुरस्कार करणाऱ्या ल कॉर्ब्युझिए यांच्या स्वतःच्या इमारतींच्या अंतर्भागात निळे, तपकिरी, गुलाबी रंग होते आणि १९३१ मध्ये त्यांनी एका भिंतीकागद उत्पादकासाठी रंगसंग्रहही तयार केला. त्या काळातील कृष्णधवल छायाचित्रांमुळे आधुनिक घर होते त्यापेक्षा अधिक पांढरे भासले.

मुंबईत भारतीय वास्तुविशारद संस्थेने १९३७ मध्ये टाउन हॉल येथे आदर्श गृह प्रदर्शन भरवले. आधुनिक स्नानगृह, स्वयंपाकघर व फर्निचर यांची ओळख त्यातून मध्यमवर्गाला झाली. परंतु प्रदर्शनातील आदर्श प्रत्यक्ष घरात येण्यास काही भौतिक अटी होत्या. चुलीचा धूर, रॉकेलच्या दिव्याची काजळी आणि पावसाळ्यातील ओल यांच्यासमोर कोणतीही शुभ्र भिंत टिकणे शक्य नव्हते. १९५० च्या दशकात मुंबईत घरगुती गॅस आला, हळूहळू विजेचे दिवे पसरले, सिमेंटचा गिलावा रूढ झाला. चुन्यानंतर कोरडे डिस्टेंपर, त्यानंतर तेलयुक्त डिस्टेंपर व पुढे पाण्यात मिसळणारे इमल्शन अशा पायऱ्यांनी भिंत बदलली. म्हणजे घर पांढरे होण्यामागे रंगापेक्षा इंधनाचा वाटा कमी नाही. ज्या घरात स्वयंपाक अजूनही लाकूडफाट्यावर होतो तेथे पांढऱ्या भिंतीचा आग्रह हा त्या घरातील स्त्रीच्या श्रमात भर घालणारा ठरतो.

नवा रंग जुन्या भिंतीलाही नेहमी मानवत नाही. चुन्याच्या व मातीच्या भिंती ओल शोषतात व बाहेर सोडतात. त्यावर प्लास्टिकसारखा थर देणारा रंग चढवल्यास ओल अडकते, फुगवटे येतात व गिलावा सुटतो. कोकणातील व जुन्या वाड्यांतील अनेक भिंतींची हानी अशा प्रकारे होते. जुन्या वास्तूंच्या जतनात चुन्याचाच आग्रह धरला जातो त्यामागे भावनेपेक्षा हे शास्त्रीय कारण आहे.

निष्कर्ष :
१. घराच्या आतील पांढरा रंग हा एकच रंग नसून चुना, सफेता व टायटॅनियम या भिन्न द्रव्यांचा क्रम आहे. प्रत्येक द्रव्याबरोबर श्रमाचे व धोक्याचे वाटप बदलत गेले.
२. चुन्याच्या काळात पांढरेपणा वार्षिक श्रमातून नवा होत असे. टायटॅनियमच्या काळात तो विकत घेता येणारा टिकाऊ गुण झाला. श्रम नाहीसे झाले नाहीत, ते घरापासून दूर खाणीत व कारखान्यात गेले.
३. पांढरी भिंत म्हणजे आरोग्य हे समीकरण कारखाने कायदे व साथीच्या काळातील सक्तीतून दृढ झाले. प्लेगच्या काळात ते वैद्यकीयदृष्ट्या अपुरे ठरले आणि सफेत्याच्या बाबतीत तर पांढरा रंग हाच रोगाचे कारण होता.
४. पांढऱ्या भिंतीची आधुनिक रुची स्वतंत्र सौंदर्यदृष्टीइतकीच वीज, धूरविरहित इंधन व नवे रसायनशास्त्र यांवर अवलंबून होती.

समारोप :
भिंत पांढरी आहे याचा अर्थ तिच्यावर काही लिहिलेले नाही असा होत नाही. पुण्याच्या वाड्यात परक्या हाताने दिलेला चुना, इंग्लंडमधील कारखान्यात सफेता वाहणारी स्त्री, ब्रिस्बेनच्या घरात कठड्याला हात लावणारे मूल आणि केरळच्या किनाऱ्यावरील काळी वाळू ही सर्व या शुभ्र पृष्ठभागामागे आहेत. आज घरासाठी पांढरा रंग निवडण्यात गैर काही नाही. मात्र तो निवडताना त्याच्या डब्यावरील शिशाच्या प्रमाणाची नोंद वाचणे, जुना रंग घासणाऱ्या कामगाराच्या तोंडावर मुखपट्टी आहे की नाही ते पाहणे आणि चुन्याच्या भिंतीला चुनाच देणे, एवढी जाणीव या इतिहासाने दिली पाहिजे. प्रादेशिक पातळीवर लोणारी समाजाच्या चुनाभट्ट्या, रंगाऱ्यांचे मौखिक अनुभव आणि नगरपालिकांच्या प्लेगकालीन नोंदी यांचा अभ्यास झाल्यास हे चित्र अधिक स्पष्ट होऊ शकेल.